मेलेल्या माणसाने हलायचं नसतं

नागपुरात मी एकच माणूस असा पाहिला, ज्याच्यासमोर माझी थाप टिकली नाही.

बाकी सगळीकडे टिकल्या. कचेरीत तीस वर्षं टिकल्या. एकदा चार दिवस दांडी मारली होती, तेव्हा रामटेकच्या गडावर माकडांनी मला धरून ठेवलं होतं असा अर्ज मी लेखी दिला, आणि साहेबाने रजा मंजूर करून वर 'यापुढे फुटाणे सोबत ठेवावेत' असा शेरा मारला. लग्न असो की तेरवी, लोक मला मुद्दाम बोलावतात, पंगत उठेपर्यंत कोणी कंटाळू नये म्हणून. पण किडन्या गेल्या, सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी सात वाजता डायलिसिसच्या यंत्राला हात बांधून द्यायची वेळ आली, आणि तिथे हा भेटला. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे होते तेही भाऊच म्हणायचे.

भाऊ तिथला टेक्निशियन. यंत्र लावणारा, सुया टोचणारा, चार तासांनी काढणारा. पन्नाशीचा, आणि इतका वाळका की उन्हाळ्यात कूलरसमोर उभा राहिला तरी मागच्या खाटेवरच्याला हवा कमी लागायची नाही. कान मात्र सुपाएवढे. देवाने आधी कान घडवले असावेत आणि उरलेल्या मातीत कसाबसा माणूस बसवला असावा.

सगळी गंमत त्या कानांची. डायलिसिसच्या माणसाच्या हातात डॉक्टर शीर आणि धमनी जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्या जोडातून रक्त असं सुसाट धावतं की हातावर कान टेकवला तर आत पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. घरघर थांबली की हात गेला, आणि हात गेला की माणसाचं पुढचं कठीण. डॉक्टरलोक हे नळीने ऐकतात. भाऊची नळी खुंटीला टांगलेली असायची, तिच्यात कोळ्याच्या दोन पिढ्या नांदून गेल्या. तो सरळ वाकायचा, डोळे मिटायचा आणि हातावर कान ठेवायचा. बाई असली तर आधी विचारायचा, "ताई, ऐकू का?" मग आठही खाटांवर शांतता. ज्याचा हात असेल त्याला तर श्वासाचाही आवाज करायची सोय नव्हती.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तोंड वकील हाये. हात साक्षीदार."

आम्हा लोकांना पाणी मोजून प्यायचं असतं, आणि पाण्याच्या बाबतीत खरं बोलणारा डायलिसिसचा पेशंट अजून जन्माला यायचा आहे. भाऊ कोणालाच काही विचारायचा नाही. एकदा माझं वजन दोन पाळ्यांमध्ये, म्हणजे एका डायलिसिसपासून पुढच्या डायलिसिसपर्यंत, तीन किलो वाढलं. मी सांगितलं, काट्याखाली पाल बसलेली आहे, भरल्या पोटाची. त्याने हाताला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि यंत्राकडे वळत म्हणाला, "पाल नाही काका. साळ्याचं लगन." मी घरी जाऊन बायकोवर चिडलो. तिची शपथ, तिने सांगितलं नव्हतं.

पाठीतून मुंगी चालली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

खोलीत त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. भाऊने एका सकाळी एकाच हाताला दोनदा कान लावला, तर ती खाट लवकरच रिकामी होते. हे मी सात वेळा पाहिलं. माझं नेहमीचं वाढीव काढून टाका, दोन वेळा पाहिलं. दोन पुरे आहेत. एक खिडकीजवळचा शिंपी होता. भाऊने त्याचा हात ऐकला, सुया घ्यायला दारापर्यंत गेला आणि मागून कोणीतरी हाक मारल्यासारखा थांबला. परत आला. पुन्हा वाकला. शिंप्याची बडबड मध्येच तुटली. भाऊने त्याला किती वेळ आणि काय काय विचारलं, बाईंना बोलावून आणलं, त्याच्या छातीला तारा लावल्या. पुढच्या पाळीला त्या खाटेवर चादर इतकी ताणून बसवलेली होती की तिच्यावर कधी कोणी झोपलं असेल असं वाटू नये. बाई म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, त्यांनी काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तेव्हापासून भाऊ माझा हात ऐकून पुढच्या खाटेकडे गेला, की मी त्याची पाठ बघत बसायचो. वळतो की काय.

पण माणूस नुसता मरणाचा निरोप्या नव्हता. किडन्या बंद पडल्या की शरीर काय काय सोंगं काढतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला मी थापाड्या वाटेन, तेव्हा इथून पुढचं मी मुद्दाम कमी करून सांगतो. काटोलकडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला एकदा त्याच्या घरचे घेऊन आले. वर्षभर झाडपाल्याची औषधं घेत घरीच बसलेला. गडी बेशुद्धीच्या काठावर, आणि कपाळावर, भुवयांत, दाढीत, गळ्यावर पांढरी भुकटी. पुसली की तासाभरात पुन्हा. घरच्यांच्या मते त्याच्या अंगातून विभूती निघत होती. गावात आठ दिवस दर्शनाला रांग लागली होती म्हणे. एका म्हाताऱ्याने तर ती कागदात बांधून घेतली होती आणि कपाळाला लावून आला होता.

भाऊने बोटावर ती भुकटी घेतली, उजेडात धरली आणि म्हाताऱ्याला आदराने म्हणाला, "बाबाजी, कपाळ धुऊन घ्या. हे लघवीतलं मीठ हाये. खालून रस्ता बंद झाला, तं घामातून आलं."

म्हातारा नळ शोधत पळाला. तिसऱ्या डायलिसिसनंतर व्यापाऱ्याचं देवपण उतरलं आणि तो उठून नर्सशी भांडला.

तसाच एक चित्रकलेचा निवृत्त मास्तर. दीड दिवस उचकी. घरच्यांनी साखर दिली, दचकवलं, पाठीत धपाटे घातले. उचकी थांबेना आणि मास्तर हळूहळू हरवत चालला. नाव विचारलं की हसायचा. तो एकटाच खूश होता, कारण उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतं, आणि त्याची आठवण काढणारी बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. ती बोलावते आहे, जाऊ द्या मला, असं तो उचक्यांच्या मधल्या जागेत म्हणत होता. मुलगी दाराशी डोळे पुसत उभी. भाऊने मास्तराचा हात ऐकला आणि मुलीला एकच विचारलं, परवा हे कोणत्या शाळेसमोरून आले? तिला कळेना. शाळेसमोर काय मिळतं, भाऊ म्हणाला. बोरं, चिंचा, तिखट-मीठ लावलेलं कमरख, ते कापलं की चांदणी दिसणारं आंबट फळ. मास्तराने चार कमरखं खाल्ली होती. चांगल्या किडनीच्या माणसाला ते फळ आहे, आमच्यासारख्याला विष. आधी उचकी, मग भ्रम, मग झटके, मग काही नाही. बाईंनी लगेच मास्तराला यंत्रावर घेतलं, सहा तास ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. उचक्या विरळ होत गेल्या. शेवटची उचकी आली तेव्हा मास्तर कितीतरी वेळ पुढच्या उचकीची वाट बघत राहिला. ती आली नाही तेव्हा रडला. "बोलावून राहिली होती ना," तो भाऊला म्हणाला. भाऊ त्याचा रक्तदाब बघत उभा होता. त्यानंतर दिवसभर तो आमच्यापैकी कोणाशीही बोलला नाही.

मला तेव्हा ते नुसतं चमत्कारिक वाटलं.

आता माझं.

दिवाळीच्या आधी माझ्या कमरेवर उजव्या अंगाला आग व्हायला लागली आणि पाण्याने भरलेल्या फोडांची एक ओळ उठली. नागीण. आमची ही रामटेककडची. तिच्या माहेरी या दुखण्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्या नागिणीला ऐकू जातं आणि ती पुढे सरकते, कमरेला वळसा घालून तोंड शेपटीला लागलं की माणूस संपला. घरात तिला 'पाहुणी' म्हणायचं. हिने फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूची जाड रेघ ओढली, पाहुणीने ओलांडू नये म्हणून, आणि मला बजावलं की डायलिसिसच्या खोलीत याबद्दल अवाक्षर नको. शुक्रवारी मी चार तास त्या खोलीत पडून राहिलो आणि अवाक्षर काढलं नाही. भाऊने हात ऐकला. हात कमरेबद्दल काही बोलला नसावा.

पण आग सोसेना. घरी परतताना आम्ही नंदनवनातल्या एका नव्या डॉक्टरकडे गेलो. आता एक खरी गोष्ट सांगतो, डायलिसिस हा शब्द ऐकला की लहान डॉक्टर आम्हाला हात लावत नाहीत. मोठ्या दवाखान्यात जा, म्हणतात. माझ्यासोबत चारदा झालं होतं. म्हणून मी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या, फिस्टुला झाकला. त्याने विचारलं, दुसरा काही आजार? मी म्हणालो, ठणठणीत आहे. हिनेही बाजूने होकाराची मान डोलावली. त्या बिचाऱ्याने ठणठणीत माणसाला देतात तेवढ्या गोळ्या दिल्या. दिवसातून पाच वेळा, चुकवू नका म्हणाला. आम्ही एकही चुकवली नाही.

रविवारी दुपारी मी मेलो.

हे कसं सांगू. भीती वाटली नाही, काही दुखलं नाही. आज रविवार आहे हे जसं माहीत असतं तसं माहीत झालं. मी खुर्चीत होतो. पंखा फिरत होता आणि वारा भिंतीला लागत होता, कॅलेंडरला लागत होता, मला लागत नव्हता. मांडीवर एक हात ठेवलेला होता. कोणाचा आहे ते कळत होतं, पण तो आता कामाचा नाही हेही कळत होतं. सडक्या संत्र्यांची पोती उघडावीत तसा वास येत होता आणि तो माझाच होता. हिने वरण-भात आणला. मी तिला नीट, हळू आवाजात सांगितलं की मी गेलो आहे, आता हे नको, चार माणसांना कळव.

ती हसली. तिचं चुकलं नाही. मेव्हण्याच्या वास्तूला जायचं टाळण्यासाठी मी एकदा स्वतःच्या मरणाचा फोन करवला होता.

मी दुपारभर सांगत राहिलो. शेजारी आले, हसून गेले. संध्याकाळी ही थोडी घाबरली, गोळ्यांची उष्णता झाली म्हणाली आणि एक गोळी वेळेवर दिली. सोमवारी सकाळी ऑटो आला तेव्हा मी म्हणालो, चौघं लागतील. ऑटोवाला म्हणाला, तिघंच बसतील. मला ते पटलं. मी बसलो.

खोलीत शिरून मी आठही खाटांना सांगितलं. माझ्या शेजारच्या खाटेवर इतवारीतला एक मिठाईवाला असतो, जिभेने माझ्या तोडीचा.

"मंग खाट खाली कर ना गा," तो म्हणाला. "जिते लोकं वेटिंगवर हायेत."

सगळे हसले. फेरीवर आलेल्या बाई हसल्या, आज काय नवीन, म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मला राग आला नाही. मला दिसत होतं की पांढऱ्या चादरी आहेत, लाल नळ्या आहेत आणि त्या नळ्यांतून फिरणारं रक्त कोणाचंच नाही. हसणाऱ्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

भाऊ आला. वाकला. हात ऐकला. सुयांकडे गेला.

थांबला. परत आला आणि पुन्हा वाकला.

मिठाईवाल्याचं हसू तिथेच आटलं. भाऊने तिसऱ्यांदा कान टेकवला. मग त्याने स्टूल ओढलं, माझ्या उशाशी बसला आणि दवाखान्याचा कागद भरून घेतात तशा आवाजात विचारलं,

"कधी मेले काका?"

"काल. दुपारी."

"दुखलं?"

"नाही."

"कशानं मेले?"

"नाव घ्यायचं नाही," मी म्हणालो.

पुढे त्याने मला सांगितलं की तिथे तो हलला. ज्याने माकडांचं कारण लेखी दिलं तो माणूस स्वतःच्या मरणाचं कारण देऊ शकत नव्हता. थाप असती तर कारण आधी तयार असतं. त्याने आणखी विचारपूस न करता माझा सदरा वर केला. गेरूच्या रेघा आणि मधली पाहुणी. तो बाहेर गेला, बाकावर बसलेल्या हिच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी घेऊन आला आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी पट्टी दोनदा वाचली आणि तिच्यातल्या संपलेल्या गोळ्या मोजल्या.

ती गोळी लघवीवाटे बाहेर जाते. ज्याला लघवीच नाही त्याच्या अंगात साठत जाते, डोक्यापर्यंत चढते. आणि क्वचित, फारच क्वचित, त्या माणसाला ठामपणे वाटतं की आपण मेलो आहोत. बाईंनी हे फक्त वाचलेलं होतं. आणखी साठली असती तर झटके, मग कायमची झोप. उपाय एकच, गोळी बंद आणि रक्त धुवायचं, जितका वेळ धुता येईल तितका. नागिणीची लागण दुसऱ्यांना नको म्हणून मला बाजूच्या एकट्या खोलीतल्या यंत्रावर नेलं. दुपारच्या टेक्निशियनला लवकर बोलावून बाकी सात जणांचं काम त्याच्याकडे दिलं आणि भाऊ माझ्यापाशी बसला.

तासभर बरा गेला. मग मला प्रश्न पडला की हे कशासाठी. मेलेल्या माणसाच्या हातात दोन जाड सुया कशासाठी. मी दुसऱ्या हाताने पट्टी उकलायला लागलो. यंत्र चालू असताना सुई निघाली तर मिनिटाला पेलाभर रक्त जमिनीवर जातं. ही रडायला लागली, अहो तुम्ही जिते हाय, जिते हाय, म्हणून माझे पाय धरले. बाई म्हणाल्या, हात बांधा. ते सगळे मिळून खोटं बोलत होते आणि जितकं बोलत होते तितकी माझी घाई वाढत होती. पट्टीचं एक टोक सुटलं.

भाऊने माझा हात धरला नाही. तो वाकला, कानाशी आला आणि जरा नाराजीने म्हणाला,

"मेलेला मानूस हालत नाही, काका. तुम्ही हालून राहिले. लोकं काय म्हणतीन?"

मला लाज वाटली. आजही आठवलं की वाटते. एवढा जन्म घालवला आणि साधं मरताही येत नाही. मी हात बाजूला ठेवला, पाय जुळवले, डोळे आढ्याला लावले. त्यानंतर सहा तास मी बोटसुद्धा हलवलं नाही. खरोखरच्या प्रेताने माझ्याकडून शिकावं असा मी पडून होतो.

ही बाहेर गेली. बाई खाली पेशंट बघायला गेल्या. यंत्र फिरत होतं. ओठ न हलवता मी भाऊला विचारलं की तोही गेलेला आहे का.

"मी नाही," तो म्हणाला. "माह्या घरी एक हाये."

त्याने यंत्रावरचे आकडे पाहिले.

"तुम्ही तं आता मेले. तुम्हाले सांगाले हरकत नाही."

त्याने मला जे सांगितलं ते असं. त्याचा लहान भाऊ डायलिसिसवर होता, बारा वर्षांपूर्वी, याच ठिकाणी. त्या वेळच्या पेशंटांपैकी आता कोणी नाही, बाईही नंतर आलेल्या, म्हणून कोणाला माहीत नाही. तो पोरगा हसरा होता, माझ्यासारखाच बाता मारायचा, पाळ्या चुकवायचा. एका सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला आणि म्हणाला, दादा, मले आधी घे, मी आज मरतो. याने हाताला कान लावला. हात उत्तम चालू होता. नेहमीची नाटकं, असं म्हणून त्याने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, आधी ज्यांचा नंबर होता त्यांना घेतलं. रक्तात पोटॅशियम चढलेलं हातातून ऐकू येत नाही. बाकावर बसल्या बसल्या हृदय थांबलं. नंबर लागला तेव्हा हाक मारायला हाच गेला.

आईला त्याने सांगितलं, तो पाळीला आलाच नाही.

आईचा विश्वास बसला. पाळी चुकवणाराच पोरगा होता. ती म्हातारी तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी, सहा वाजता, पुढच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेपाशी जाते आणि हाक मारते. "ऊठ गा. आज पाळी हाये तुही. आजतरी जाय." मग वाट बघते. मग त्याला शिव्या देते, ऐकलं नाही, मायचं ऐकलं नाही म्हणून. बाकीचे चार दिवस ती शहाण्यासारखी असते, भाजी निवडते, शेजारणींशी बोलते. त्या हाकेने भाऊ उठतो. तोंड धुतो आणि आमच्याकडे येतो. बारा वर्षांत त्याला गजर लावावा लागला नाही.

"हात ऐकून झाला का मंग मानसानं तोंडानं काय सांगतलं ते मी आठवतो," तो म्हणाला. "काही राहिलं असं वाटलं, तं वापस जातो. कधी उशीर झाला राह्यते."

मी आढ्याकडे बघत होतो. मेलेल्या माणसाने काय बोलायचं.

मंगळवारी पुन्हा यंत्रावर घेतलं. दुपारी मला तहान लागली. आधी विश्वास बसेना, मग इतकी लागली की मी ओरडून पाणी मागितलं आणि हिने दोन घोट दिले. पंख्याचा वारा लागत होता. मांडीवरचा हात माझा होता आणि त्याला खाज सुटली होती. सांगायला काही मोठं नाही. परत येणं असंच असतं.

फोड सुकेपर्यंत माझ्या पाळ्या त्या एकट्या खोलीतच होत होत्या. पुढच्या शुक्रवारी भाऊने हात ऐकला आणि सरळ उभा राहिला. सुया उचलल्या नाहीत.

"काका, त्या दिवशीचं काय काय आठवते?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आयुष्यातली सगळ्यात चांगल्या मनाने मारलेली थाप मारली. म्हणालो, काही नाही, सोमवारचा दिवसच कोरा आहे. बाईच म्हणाल्या ना, असं होतं म्हणून.

"बरं," तो म्हणाला. सुया काढल्या, ठेवल्या. "आठवलं असतं तं बरं होतं. मी येकट्यानंच किती दिवस..."

त्याने वाक्य सोडून दिलं. मी थापेचा माणूस आहे, मारलेली थाप मी कधी परत घेतलेली नाही. त्या दिवशी घेतली. सगळं आठवतं म्हणालो, बाक आठवतो, हाक आठवते. भाऊ स्टुलावर बसला. मग म्हणाला की आईला हे सांगायचं तर त्याच्या तोंडून निघत नाही, बारा वर्षं प्रयत्न करून झाला. तुम्ही सांगाल का, तुम्हाले बोलता येते.

"मी सांगतलं तं तुमची माय हसंल," मी म्हणालो. "मी मेलो तं माही बायको हसली. हे तुमालेच सांगा लागते भाऊ. तो आला होता. सगळ्यांच्या आधी आला होता. एवढं तं त्याचं त्याले द्या."

त्याने ट्रे पुढे ओढला. सुया टोचल्या, आणि त्याच्या हाताने मला पहिल्यांदा दुखलं.

सोमवारी सात वाजता आम्ही येऊन बसलो. फोड सुकल्यामुळे मीही माझ्या जुन्या खाटेवर होतो. सव्वासात झाले. साडेसात. यंत्रं धुऊन तयार, सुयांचे ट्रे झाकलेले, आणि भाऊ नाही. असं कधी झालेलं नव्हतं. मिठाईवाला दोनदा दाराशी जाऊन आला. बाईंनी फोन लावला, उचलला गेला नाही. आम्ही आठ जण एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण प्रत्येकाच्या मनात काय आलं होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

पावणेआठला तो आला. केस विस्कटलेले, शर्टाचं एक बटन चुकलेलं, गालावर उशीची घडी.

बाईंनी विचारलं, काय झालं.

"काल आईले सांगतलं," तो माझ्याकडे बघून म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "तिनं आज हाक नाही मारली मॅडम. मंग झोपच नाही उघडली."

बाईंना काही कळलं नाही, त्या पुढच्या कामाला लागल्या. भाऊ हात धुवायला कोपऱ्यात गेला. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. नळ वाहत राहिला, बराच वेळ वाहत राहिला, आणि आठ जणांपैकी कोणीही त्याला लवकर ये म्हणालं नाही.